पाच चौकोन

कार्यशाळेतून दरवर्षी पालकांसाठी एक फॉर्म येतो. ‘आपण कितपत समाधानी आहात?’ आणि पुढे पाच चौकोन. नऊ वर्षं झाली, मी न वाचताच ‘अत्यंत समाधानी’वर खूण करत आलोय. यंदा पेन अडलं.

लेक 29 वर्षांचा, बौद्धिक अक्षम. अठरा पूर्ण झाली तशी विशेष शाळा सुटली आणि पुढचं दीड वर्ष तो घरी होता. दिवसभर टीव्ही, वाढलेलं वजन, त्याची चिडचिड, त्यावरून आम्हा नवरा-बायकोची भांडणं. मग या संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे फक्त अशाच लोकांसाठी चालवलेल्या कामाच्या जागेत, त्याला घेतलं. सकाळी साडेनऊला डबा घेऊन, ओळखपत्र गळ्यात घालून स्वारी तयार. राख्या, वाती, उटण्याची पाकिटं, दिवाळी आली की कंदील. महिन्याला 350 रुपयांचं पाकीट मिळतं, ते तो आजीच्या हातात देतो आणि आजी ते देवापुढे ठेवते. असमाधानी असायला मला काय वेड लागलंय?

पण ती खूण त्याच्या कामाबद्दल कधीच नव्हती. सहा तास तो सुरक्षित असतो, हिला दुपारी जरा पाठ टेकता येते, आणि ‘आमच्यामागे याचं काय’ हा प्रश्न संध्याकाळपर्यंत टळतो. त्याची ती खूण. शिवाय भीती. प्रतीक्षायादी किती लांब आहे हे पालकसभेत दरवेळी ऐकवलं जातं. नाराजी लिहून जायचं कुठे? म्हणून ‘पालक समाधानी आहेत’ असं कुणी अहवालात छापलं की मला हसू येतं. गावात एकच दुकान असलं की गिऱ्हाईक समाधानीच असतं हो.

2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने म्हटलं, अशा वेगळ्या कार्यशाळा टप्प्याटप्प्याने बंद करा आणि या लोकांना खुल्या नोकऱ्यांत आणा. आमच्या पालकांच्या ग्रुपवर त्यावरून दोन दिवस राडा. ‘तिकडे बसून सांगायला काय जातंय’ असं मीच लिहिलं होतं, आणि ते मला अजूनही बरंचसं पटतं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के राखीव जागा आहेत. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. कार्यशाळा उद्या बंद झाली तर आमचा लेक नोकरीवर नाही, टीव्हीसमोर जाईल. लॉकडाऊनमध्ये ते बघून झालंय.

तर बंद करा असं मी म्हणत नाहीये. पण मुंबईत जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये अशीच माणसं आपल्याला खायला आणून देतात. माणसं म्हणतोय मी. आमच्याकडे चाळिशीतल्यालाही ‘मुलं’च म्हणतात, मीही म्हणतो.

गेल्या दिवाळीत सोसायटीत कार्यशाळेचा स्टॉल होता. कार्यशाळेतल्या ताई जेवायला गेल्या तेव्हा अर्धा तास हा एकटा बसला. क्यूआर कोडचा कागद धरायचा, पैसे गेले की विचारायचा, ‘झालं?’ अकरा पाकिटं विकली. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘गर्दीत नाही जमणार काका, गिऱ्हाईक खोळंबतं.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅकिंग.

परवा फॉर्म हातात घेऊन त्यालाच विचारलं, तुला काय आवडतं? नऊ वर्षांत पहिल्यांदा.

‘दुकान,’ म्हणाला. ‘पॅकिंग नको.’

फॉर्म अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. शनिवारी ताईंकडे चाललोय, त्यालाही घेऊन.