सव्वीस पावकी

दुसरीच्या वर्गात बेरजेच्या तासाला दोन फासे आणि सापशिडी काढली, एवढाच माझा गुन्हा. परवा एक आजोबा थेट वर्गाच्या दारात.

"बाई, पोरांना जुगार शिकवताय?"

निवृत्त कंडक्टर. आवाज अजून ड्युटीवर, पार कळवा नाक्यापर्यंत जाईल असा. मी म्हटलं, "आजोबा, बेरीज शिकवतेय. फळ्यावर पाच अधिक तीन लिहिलं की ही खिडकीबाहेर बघतात. फाशांवर पडले की आठ घरं ओरडत मोजतात."

"पांडवांचंही असंच सुरू झालं होतं."

यावर काय बोलणार? तेवढ्यात मागच्या बाकावरून आलंच, "बाई, पांडवांना साप चावला?" संपला तास. आजोबा माझ्या खुर्चीत आणि द्यूतसभा सुरू.

खरं तर त्याच तासाला एका पोराने आपलं आपण शोधलं होतं की फाशाच्या समोरासमोरच्या बाजू मिळून सातच होतात. वर पाच दिसले की "खाली दोन" म्हणायचा आणि लगेच उलटून बघायचा. पुन्हा टाकायचा, पुन्हा उलटायचा. मला ते आजोबांना दाखवायचं होतं हो! पण ते कधीच पुढच्या स्टॉपला.

"आमच्या वेळी पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. सांगा बाई, सव्वीस पावकी?"

अख्ख्या वर्गासमोर.

"साडेसहा."

"बरोबर. पण उशीर लागला. एवढ्यात माझी अर्धी बस तिकीट काढून मोकळी व्हायची."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी!

मोठ्या बाईंचा निकाल आला: वाद नको, फासे कपाटात, चिंचोके घ्या. चिंचोक्यांवर जणू कुणी कधी डाव लावलेच नाहीत. सरकारचं 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये आलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक पोराला वाचन आणि आकडेमोड यायला हवी, तीही हसत-खेळत. येईल की. आधी त्या मतदारयाद्यांतून आणि सर्वेक्षणांतून बाईला वर्गात तर येऊ द्या. आणि खेळ जरा रंगला की आपणच ओरडायचं, "सगळ्यांनी इकडे बघा!" कारण फोटो नाही तर उपक्रम झालाच नाही.

हल्ली भांडी घासताना तोंडात पावकी असते. एकोणतीस पावकी सव्वासात, तीस पावकी साडेसात. चटाचट येतात. विचारायला मात्र कुणी फिरकत नाही.