ब्लू फ्लॅग म्हणजे 'पोरांना खुशाल सोडा' नव्हे

"अंदमानच्या राधानगर किनाऱ्याला ब्लू फ्लॅग आहे, मुलांना पाण्यात बिनधास्त सोडा," असा मेसेज फिरतोय. पहिला भाग खरा, दुसरा नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये मिळालेलं हे मानांकन पाण्याची स्वच्छता, सोयी, सुरक्षा अशा 33 निकषांवर दिलं जातं. समुद्र रोज शांत असेल याची हमी त्यात नाही. स्वराजद्वीपचा, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकचा, हा किनारा पश्चिमेला आहे. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की लाटा थेट अंगावर येतात. शिवाय 2010 मध्ये इथेच, नील्स कोव्ह या छोट्या खाडीजवळ, खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला होता. मगरीची पाटी दिसली तर कृपा करून तिथूनच मागे फिरा.

चिमुकल्यांसाठी मला शहीदद्वीपचा, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाचा, भरतपूर किनारा जास्त पटतो. पाणी उथळ, बहुतेकदा संथ. पण ओहोटीला तिथे प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि कोवळे तळपाय क्षणात चिरतात. मुलांना रबरी सँडल घालाच, आणि भरतीची वेळ आदल्या रात्री हॉटेलवाल्यांना विचारून ठेवा.