निधी खेचून आणला, मग हिशेब कोण विचारणार?

आमच्या भंडारा-चंद्रपूर पट्ट्यात निवडणूक जवळ आली की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात आणि त्यांवर एक वाक्य हमखास असते : अमुक साहेबांनी तालुक्यासाठी इतके कोटी रुपये खेचून आणले. ते वाचून आपणही समाधानाने मान डोलावतो. परंतु संविधानाने खासदार-आमदारांकडे पैसा मंजूर करण्याबरोबर आणखी एक काम सोपवलेले आहे. मंजूर झालेला पैसा ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी, नियमाने आणि शहाणपणाने खर्च झाला की नाही, हे त्यांनी पाहायचे असते. या कामाविषयी मी आजवर एकाही प्रचारसभेत एक शब्द ऐकलेला नाही, आणि श्रोत्यांतूनही तसा प्रश्न कधी आलेला नाही.

हे काम दिल्लीचे आहे, आपल्या धानाच्या बांध्यांशी त्याचा काय संबंध, असे कोणाला वाटत असेल तर त्याने गोसीखुर्दचा इतिहास आठवावा. वैनगंगेवरील या प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी रुपये होती. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट होते. पुढे किंमत अठरा हजार कोटींच्या वर गेली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि खर्चाचा मोठा भार केंद्राकडे गेला, म्हणजेच आपल्या शेताकडे येणाऱ्या कालव्याचा हिशेब विचारण्याचा अधिकार थेट संसदेकडे आला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, अर्थात कॅगने, २०१८ च्या अहवालात राष्ट्रीय प्रकल्पांचा आढावा घेतला. जाहीर झालेल्या १६ प्रकल्पांपैकी केवळ ५ प्रत्यक्षात हाती घेतले गेले होते आणि त्या पाचांचा एकत्रित खर्च ३,५३० कोटींवरून ८६,१७२ कोटींवर पोहोचला होता. गोसीखुर्द या पाचांपैकी एक आहे. रोवणीच्या दिवसांत पाऊस दडी मारून बसला की कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसासाठी हे कोरडे आकडे नाहीत.

असा अहवाल संसदेत मांडला गेल्यानंतर लोकप्रतिनिधीचे खरे काम सुरू होते. संसदेच्या लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, आणि १९६७ मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा आहे. समिती कॅगच्या अहवालांतील निवडक विषय हाती घेते, त्या खात्याच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावते, उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारते. शिफारशींवर काय कार्यवाही केली हे सरकारने सहा महिन्यांत कळवायचे असते. या बैठका बंद दाराआड होतात. तिथे कॅमेरा नसतो, बाके वाजत नाहीत, पक्षाचा व्हिप लागू नसतो. चारशे पानांचा अहवाल रात्री वाचून सकाळी सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या सदस्याची व्हॉट्सॲपवर चित्रफीत फिरत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे या कामाची उपेक्षा होण्याचे हेच मोठे कारण आहे. शून्य प्रहरात दोन मिनिटे आवाज चढवून बोलणारा खासदार मात्र संध्याकाळपर्यंत प्रत्येक गावाच्या ग्रुपवर पोहोचलेला असतो. विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे यांनी विधानसभेत भिरकावलेला पेपरवेट विदर्भातील जुन्या माणसांना आजही आठवतो; त्यांनी सभागृहात कोणते प्रश्न लावून धरले होते, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. (यात धोटेंचा दोष नाही, आपल्या आठवणीचा आहे.)

खर्चावरील देखरेख आणि राष्ट्रीय चर्चा या दोन वेगळ्या गोष्टी मानण्याची आपल्याला सवय लागली आहे; तीही मला चुकीची वाटते. १९५७ च्या डिसेंबरात फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये पैसे का गुंतवले, असा प्रश्न लोकसभेत उपस्थित केला. ते स्वतः सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते. न्यायमूर्ती छागला यांनी या व्यवहाराची उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. देशभर गाजलेली ती चर्चा हिशेबाच्या प्रश्नातूनच उभी राहिली होती.

आज उलट चित्र दिसते. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी केंद्रीय अर्थसंकल्पातील खात्यांच्या अनुदान मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याच्या खर्चाचे प्रस्ताव, लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाल्या. शेती खात्याच्या मागण्यांवर तेव्हा एखाद्या कापूस किंवा धान उत्पादक भागातील खासदाराला काही बोलायचे असेल, तर ते मनातच राहिले. राज्यातही फारसे वेगळे नाही. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ५५,५२० कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव, मांडल्या गेल्या. दोन आठवड्यांत आटोपणाऱ्या अधिवेशनात, मोर्चे आणि लक्षवेधींच्या धामधुमीत, एवढ्या रकमेची छाननी कितपत होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

विधिमंडळाच्या समित्या जिल्ह्यांत येतात, पण त्या दौऱ्यांचे रूप आपण पाहतो. समिती येणार असे कळले की फायली रात्रीतून पूर्ण होतात, शाळांना चुना लागतो, विश्रामगृहात जेवणावळींची तयारी होते. मे २०२५ मध्ये धुळ्यात विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्यावेळी शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. ती रक्कम कोणाची, हे चौकशीने ठरवावे. मात्र हिशेब तपासणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागेवरच हिशेबाबाहेरची रोकड सापडावी, यानंतर समित्यांचा धाक कोणाला वाटणार?

आता थोडे आपल्याबद्दल, आणि हे काहींना आवडणार नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाची मोजणी केली तेव्हापासून विदर्भाचे राजकारण अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, या मुद्द्याभोवती फिरत आले आहे. मागणी न्याय्यच आहे. सिंचनात आपल्यावर अन्याय झाला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण अनुशेष भरून काढण्याचे माप आपण निधीत ठेवले, पाण्यात ठेवले नाही. त्यामुळे पैसा आला की अनुशेष भरला असे जाहीर करता येते, कालव्याचे अस्तर उखडले तरी खर्च झालेला दिसतो, आणि प्रकल्प जितका रखडेल तितकी पुढच्या वेळी ‘आणखी निधी आणला’ म्हणण्याची सोय होते. ज्या माजी मालगुजारी तलावांवर (जुन्या मालगुजारांच्या काळातील गावतळ्यांवर) आपल्या आजोबा-पणजोबांनी धान पिकवले, त्यांच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि किती बांध्या भिजल्या, हे एकत्र मांडून विचारणारा लोकप्रतिनिधी मला अधिक मोलाचा वाटतो.

लग्नाला, तेरवीला, दवाखान्यात धावून येणारा नेता लोकांना हवाच असतो, हे मी नाकारत नाही. सरकारी दारात ज्याला कोणी उभे करत नाही, त्याला मध्यस्थ लागतो. पण खासदार जिल्ह्यातील दिशा समितीचा अध्यक्षही असतो आणि केंद्राच्या योजनांचा आढावा तिथेच घेतला जातो. त्या बैठकीत काय विचारले गेले, हे आपण त्याला गावात आल्यावर विचारू शकतो.

लोकलेखा समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर खुले असतात आणि त्यांना बैठकांचे कार्यवृत्त जोडलेले असते. त्यात उपस्थित सदस्यांची नावे दिलेली असतात. गावातील स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे की, राज्यघटनेच्या अभ्यासात या समितीची सदस्यसंख्या पाठ करून थांबू नका. एखादा अहवाल उघडा, विदर्भातून कोणी सदस्य आहे का आणि तो किती बैठकांना हजर होता ते पाहा, आणि जे आढळेल ते याच पोस्टखाली लिहा.