हिरव्या चौकटीचा देश

२०२५च्या सप्टेंबरात झोहो या भारतीय कंपनीचं ‘अरट्टै’ हे मेसेजिंग ॲप ज्याच्या त्याच्या फोनवर दिसायला लागलं आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला. कोरियाचं स्वतःचं सर्च इंजिन आहे, मग आपलं का नाही? पाठोपाठ मला टॅग : “तू तिथेच आहेस ना, सांग की!”

तर सांगते. कोरियाचं ते सर्च इंजिन म्हणजे नेव्हर, आणि मी राहते त्या सोंगनाम शहरातच त्याचं मुख्यालय आहे. बातम्या, नकाशा, खरेदी, हॉटेलचं बुकिंग, सगळं इथे नेव्हरच्या त्या हिरव्या शोधचौकटीतून. पण ग्रुपवर समजतात तसा हा काही सरकारी पराक्रम नाही. सॅमसंग एसडीएस या सॅमसंगच्या आयटी कंपनीतून बाहेर पडलेल्या ली हे-जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये ही कंपनी काढली. तेव्हा याहू कोरिया आणि दाउम हे कोरियन पोर्टल जोरात होते. अडचण अशी की कोरियन भाषेत शोधावं असं इंटरनेटवर फारसं काही नव्हतंच. २००२मध्ये नेव्हरने प्रश्नोत्तरांची सेवा सुरू केली. कोणीही विचारावं, कोणीही सांगावं. उत्तरं देणाऱ्यांना पदव्याही अशा की चढत चढत माणूस थेट ‘सूर्यदेव’ होतो! एका निवृत्त दंतवैद्य आजोबांनी म्हातारपणी तिथे हजारो उत्तरं लिहिली आणि ते देशभर ओळखीचे झाले. म्हणजे शोधायचा मालच लोकांनी फुकट तयार करून दिला, आणि नेव्हरने तो शक्यतो आपल्याच कुंपणात ठेवला. याहूने २०१२च्या अखेरीस इथला गाशा गुंडाळला.

गंमत म्हणजे त्याच १९९९मध्ये आपल्याकडेही मोठा बार उडाला होता. राजेश जैन यांचं इंडियावर्ल्ड हे वेबसाइटचं जाळं, त्यातल्या ‘खोज’ या सर्च इंजिनसकट, सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेतलं. पैसा होता, हुशारीही होती. पण तो सगळा कारभार मुख्यतः इंग्रजीतला, आणि इंग्रजीत अमेरिकेशी टक्कर घ्यायची म्हणजे हरण्याचीच तयारी. कोरियाला एक भाषा आणि घरोघरी ब्रॉडबँड, हे दोन्ही आयतं लाभलं. आपल्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. ‘राष्ट्रीय’ सर्च इंजिन त्यातल्या कुठल्या भाषेत, हे ग्रुपवर अजून कोणी बोललेलं नाही.

शिवाय स्वदेशी मालक म्हणजे भला मालक, असंही नाही. आपल्याच खरेदी सेवेला वर आणण्यासाठी निकालांचा क्रम फिरवला, असा ठपका ठेवून कोरियाच्या स्पर्धा आयोगाने २०२०मध्ये नेव्हरला सुमारे २,६७० कोटी वॉन दंड ठोठावला. कंपनी कोर्टात गेली. बातम्यांखालच्या कमेंटचे लाइक सॉफ्टवेअरने फुगवल्याचं प्रकरण २०१८मध्ये बाहेर आलं, आणि त्यात एका प्रांताच्या गव्हर्नरला पद सोडून तुरुंगात जावं लागलं. ‘आत्ता लोक काय शोधताहेत’ ही लाडकी यादी नेव्हरने २०२१मध्ये कायमची काढून टाकली. ब्लॉगवरच्या परीक्षणांमध्ये जाहिराती इतक्या की लोक शोधताना ‘स्वतःच्या पैशाने घेतलेलं’ असं मुद्दाम जोडतात. मीही जोडते. ग्रुपवरच्या स्वदेशीवाल्यांनी हे वाचावं. आणि ‘आपल्याला जमणारच नाही’ म्हणणाऱ्यांनी यूपीआयकडे बघावं. फक्त एवढं लक्षात ठेवून, की रूळ आपले असले तरी त्यावर सर्वांत जास्त धावणारी दोन ॲप, फोनपे आणि गूगल पे, अनुक्रमे वॉलमार्ट आणि गूगल यांची आहेत.

मला विचाराल तर चौकट कोणाची, हा भाग नंतरचा. मराठीत रोज ढिगाने लिहिलं-बोललं जातं, पण कुठे? निफाडचे माझे मामा द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सल्ले देतात. डावणी हा द्राक्षावरचा रोग कसा ओळखायचा, पावसाने उघडीप दिली की फवारणी कधी, भुरी या दुसऱ्या रोगाला कशाने आवर घालायचा. दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज, चाळीस वर्षांचा अनुभव. गूगलला ते सापडत नाहीत, आणि उद्या दिल्लीने काढलेल्या सर्च इंजिनलाही सापडणार नाहीत. पुढच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीला, पुन्हा कोणीतरी तोच प्रश्न विचारतं, आणि मामा पहिल्यापासून सगळं सांगतात.