कड्याच्या टोकाला जा म्हणणाऱ्या त्या वाईड लेन्सच्या फॉरवर्डबद्दल

"वाईड अँगल झूम घेण्याआधी हे वाचाच" असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या ट्रेकिंगच्या ग्रुपांमधून फिरतोय. खाली "सर्व फोटोग्राफर मित्रांना पाठवा" आणि हात जोडलेले तीन इमोजी. मी दुर्लक्ष करत होतो, पण परवा तो भाच्याने पाठवला, "मामा, मग १६-३५ च घेऊ ना?" आणि सोबत इएमआयचा स्क्रीनशॉट. आता काय गप्प बसणार.

तर त्या इएमआयपासूनच. फॉरवर्ड म्हणतो, "मिररलेसच्या लेन्सला क्रॉप फॅक्टर लागत नाही, सरळ फुल फ्रेमची १६-३५ एफ २.८ घ्या, आयुष्यभर पुरेल." (१६-३५ हे लेन्सचे मिलिमीटर, आकडा लहान तितकं दृश्य रुंद; एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त.) अरे, क्रॉप फॅक्टर, म्हणजे लहान सेन्सर दृश्याच्या कडा कापतो तो हिशेब, सेन्सरमुळे येतो, कॅमेऱ्यातला आरसा काढला म्हणून सेन्सर मोठा होतो का? भाच्याकडे सोनीचा अल्फा ६७०० आहे, एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरचा. त्यावर १६ लावलं की दीडपट धरून फुल फ्रेमवरच्या २४ एवढंच दिसणार. आणि कहर म्हणजे त्याच्या किटमधली १६-५० सुद्धा १६ पासूनच सुरू होते! म्हणजे लाखाच्या वर मोजायचे आणि फ्रेममध्ये वितभरही जास्त यायचं नाही. अशा कॅमेऱ्याला वाईड हवी तर १० पासून सुरू होणारी बघायची. सोनीची १०-२० एफ ४ फक्त १७८ ग्रॅमची आहे, सिग्माची १०-१८ एफ २.८ साधारण २६० ग्रॅमची, दोन्हींत फुल फ्रेमवरच्या १५ एवढं दिसतं. कॅननच्या क्रॉप बॉडीवर १.६ ने गुणा, एवढाच फरक.

"एफ ४ म्हणजे पैसे वाया" हे पण त्यातच. रात्री आकाशगंगा काढणार असाल तर २.८ चा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, कामाचा आहे, मान्य. दिवसा ट्रायपॉडवर एफ ८ ला फोटो काढणाऱ्याला त्याचं काय करायचंय?

आता ज्या मुद्द्याने डोकं फिरलं तो. शब्दशः देतो: "वाईडला सगळं लांब जातं, म्हणून कड्याच्या जितकं टोकाला जाल तितका फोटो भारी येतो. घाबरू नका, व्ह्यूफाइंडरमध्ये कड दिसत राहते." हे लिहिणारा कधी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेला असेल असं मला वाटत नाही. तिथे जुनी माणसं पोटावर झोपून खाली बघायला सांगतात ते काय उगाच?

अल्फा ६७०० च्या स्पेसिफिकेशनमध्ये व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) १.०७ पट दिलाय, म्हणजे वस्तू नुसत्या डोळ्याला दिसते जवळजवळ तेवढीच, पण पुढची ओळ कोणी वाचत नाही, की हा आकडा ५० मिमी लेन्स इन्फिनिटीवर, म्हणजे अगदी लांब फोकस केलेली असताना आहे. सोनीच काय, बऱ्याच कंपन्या असंच मोजतात. त्याच कॅमेऱ्याला १० मिमी लावा, पटीचा पाचवा भाग झाला, ०.२१ च्या आसपास. म्हणजे तुमच्या पायापुढे मीटरभरावर संपणारा कातळ आत बघताना जवळजवळ पाच मीटर लांब असल्यासारखा वाटतो. डोळा तिथे चिकटवून "अजून थोडं पुढे" म्हणत पाऊल टाकणाऱ्याला हा आकडा कोणी सांगितलेला नसतो.

आणि "कड दिसत राहते" हे तर धादांत खोटं. १० मिमीवर कॅमेरा आडवा आणि लेव्हलमध्ये धरला तर वरपासून खालपर्यंत साधारण ७६ अंश दिसतात, म्हणजे मध्यापासून खाली ३८. कॅमेरा डोळ्याशी, दीड मीटर उंचीवर. गणित करून बघा, पायापुढची जवळजवळ दोन मीटर जमीन फ्रेममध्ये येतच नाही! ज्या दोन मीटरमध्ये कड संपते, शेवाळ असतं, सुटा दगड असतो, नेमके तेच गायब. वर कोकणकड्याचा वारा खालून येतो आणि पाठीवर सॅक असते ते वेगळंच.

यातलं अर्धसत्य एवढंच की वाईडला जवळ जावं लागतं. पण कशाच्या जवळ? फोटोतल्या वस्तूच्या. कड्यापासून दहा पावलं मागे बसा, कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणा, समोर कारवीचं झुडूप नाहीतर कातळातलं पाण्याचं डबकं घ्या आणि त्याला भिडा, सिग्मा तर १० मिमीला साडेअकरा सेंटिमीटरवर फोकस करते. जवळचं अंगावर येतं, मागचं आभाळ उघडतं. "सगळं मावतं" म्हणून नुसती लांबची डोंगररांग घेतलीत तर ती चिमटीत धरता येईल एवढी होते, त्याला ७०-२०० बरी. (कास पठारावर भिडायचं म्हणजे फुलांवर बसकण मारायची नाही, हेही आता सांगावं लागतं.)

मग "लँडस्केपला कायम एफ २२". का? तर म्हणे पुढचं मागचं सगळं शार्प येतं. १० मिमी एफ ८ ला या सेन्सरवर साठ-पासष्ट सेंटिमीटरवर फोकस करा, फूटभरापासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प मिळतं, अजून काय पाहिजे? एफ २२ ला प्रकाशाचा एक बिंदू डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना प्रकाश फाकतो त्याने) पसरून साधारण ३० मायक्रॉनचा होतो आणि या सेन्सरचा पिक्सेल चार मायक्रॉनच्या आतला, म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेलवर सांडला. सूर्याला टोकं फुटलेली हवी असतील तर एफ १६ करा, तेवढ्यापुरतं.

"मिररलेसच्या वाईड लेन्स सॉफ्टवेअरवर चालतात, काच हलकी देऊन फसवतात." हे मात्र अगदीच खोटं नाही. बऱ्याच लेन्सची रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल) करेक्शनशिवाय उघडली तर सर्वात वाईड टोकाला रेषा फुगलेल्या आणि कोपरे काळवंडलेले दिसतात, आणि ते ताणून सरळ करताना कोपऱ्यांचा तपशील थोडा जातोच. पण वजन कमी होण्याचं तेवढंच कारण नाही. मिररलेसचा माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, सेन्सरच्या जवळ असतो, निकॉनचा जुना एफ माउंट ४६.५ मिमीवर होता, झेड १६ वर आला, त्यामुळे वाईडच्या डिझाइनची मोठी कसरत सुटली. निकॉनचीच डीएसएलआरची (आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) १४-२४ एफ २.८ किलोभर होती, झेडची ६५० ग्रॅमची आहे, आणि तिला हुडवर का होईना फिल्टर लागतो, जुनीची पुढची काच बाहेर फुगलेली. ही फसवणूक असेल तर माझ्या खांद्याची काही तक्रार नाही.

पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारा फिल्टर, "काढूच नका" म्हणे. सूर्यापासून ९० अंशांवरचंच आभाळ तो सगळ्यात जास्त गडद करतो, तुमच्या फ्रेममध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ ११० अंश मावलेत, मग निळ्या आभाळात मधेच शाईचा पट्टा येणारच. ओल्या कातळाची, पानांची चकाकी मारायला लावा, काम झालं की काढा.

राहिलं शेवटचं: "कडेची माणसं जाड दिसली तर लेन्स डिफेक्टिव्ह, परत करा." रुंद दृश्य सपाट फोटोवर सरळ रेषा राखून बसवायचं तर कडा ताणल्या जाणारच, कुठल्याही कंपनीची घ्या. लग्नात काकांना मधे घ्या, नाहीतर दोन पावलं मागे जाऊन ३५ लावा. लेन्स परत केलीत तर बदली आलेलीही काकांना तेवढंच रुंद करेल.