मिकेल ब्रिजेसला जाऊ द्यायला नको होते

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या फिनिक्स सन्स या संघाचा २०२४-२५ चा हंगाम संपून तीन महिने झाले. आघाडीचा खेळाडू केव्हिन ड्युरंट ह्यूस्टनला गेला, दुसरा मोठा खेळाडू ब्रॅडली बील याचा करार संघाने पैसे मोजून मिटवला, नवा प्रशिक्षकही आला. तरीही या हंगामाविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय मनाला स्वस्थता मिळणार नाही, म्हणून २०२५ च्या जुलैत हे लिहीत आहे. ८२ सामन्यांत ३६ विजय, ४६ पराभव आणि पश्चिम विभागात अकरावे स्थान, म्हणजे सातव्या ते दहाव्या संघांना मिळणारी प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पात्रता सामन्यांची, संधीसुद्धा हुकली. ज्या संघाच्या पगाराचा बोजा साऱ्या एनबीएमध्ये सर्वांत मोठा होता आणि ज्याच्या मालकाने त्यापायी १५ कोटी डॉलरहून अधिक लक्झरी टॅक्स, म्हणजे पगाराची ठरलेली मर्यादा ओलांडल्याबद्दलचा कर, भरला, त्या संघाची ही कामगिरी आहे.

माझ्या मित्रयादीतल्या बहुतेकांना क्रिकेटची गोडी आहे, कॅम्पातल्या मित्रांना फुटबॉलची, आणि कुस्तीचा विषय निघाला की आमच्या बेळगावात कोणीही तासभर बोलू शकतो. बास्केटबॉल शाळेच्या मैदानावर खेळला जातो आणि दहावीनंतर बहुतेकांचा सुटतो. माझा सुटला नाही, याचे कारण २०१५ चा ड्राफ्ट. एनबीएत दरवर्षी जूनमध्ये संघ नव्या खेळाडूंची निवड करतात आणि ढोबळमानाने आदल्या वर्षी मागे पडलेल्या संघांना आधी निवडायला मिळते, जेणेकरून दुबळा संघही काही वर्षांत उभा राहावा. त्या वर्षी पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी त्या दिवसाची सगळी यादी वाचून काढली होती. त्याच यादीत १३ व्या क्रमांकावर फिनिक्सने घेतलेला डेव्हिन बुकर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. सतनामला एनबीएच्या मुख्य सामन्यात उतरण्याची संधी कधीच मिळाली नाही. बुकरचा खेळ मात्र मी तेव्हापासून आजतागायत पाहत आलो आहे.

फिनिक्सचा चाहता होण्याला आमच्याकडे एक व्यवहारी सोयही आहे. अॅरिझोनात घड्याळे उन्हाळ्या-हिवाळ्यानुसार पुढेमागे होत नाहीत, त्यामुळे तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे बारा महिने सकाळी साडेसातलाच लागतो. उद्यमबागेतल्या कारखान्यात माझी दुसरी पाळी असते त्या आठवड्यात संपूर्ण सामना पाहून, जेवून कामावर जाता येते. पहिली पाळी असली की जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून नुसते आकडे वाचावे लागतात. या वर्षी मशीनवर शेजारी असणाऱ्या मामांनी माझा चेहरा बघूनच विचारायला सुरुवात केली होती, "काय ओ, आज पण हरला काय तुमचा फिनिक्स?" मामांना बास्केटबॉलमधले काही कळत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा अंदाज क्वचितच चुकला.

आता मुद्द्यावर येतो. या हंगामाचे खापर जो तो आपापल्या आवडीनुसार कोणाच्या ना कोणाच्या माथी फोडतो आहे. कोणी म्हणतात ड्युरंटचे मन नव्हते, कोणी म्हणतात बील अंगचोर आहे, आणि संघाने स्वतः प्रशिक्षक माइक ब्यूडनहोल्झर यांना हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी पाठवून आपले उत्तर देऊन टाकले. मला यांपैकी एकही उत्तर पटत नाही. माझ्या मते हा हंगाम फेब्रुवारी २०२३ मध्येच हरला होता, ज्या रात्री बचावात तरबेज मिकेल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर आणि पहिल्या फेरीचे तब्बल चार ड्राफ्ट हक्क ब्रूकलिनला देऊन फिनिक्सने ड्युरंटला आणले.

ड्युरंटविषयी माझ्या मनात आदरच आहे, हे आधीच स्पष्ट करतो. छत्तीसाव्या वर्षी हा माणूस सामन्याला सरासरी २६.६ गुण करत होता आणि फेब्रुवारीत त्याने कारकिर्दीतला तीस हजारावा गुण नोंदवला, जो त्याच्याआधी केवळ सात जणांना साधला आहे. हंगामाच्या सुरुवातीला संघाने पहिल्या नऊपैकी आठ सामने जिंकले होते. त्यानंतर त्याची पोटरी दुखावली आणि सगळा डोलारा डळमळला. एका खेळाडूच्या पोटरीवर सगळा हंगाम अवलंबून असेल, तर दोष त्या पोटरीचा नसतो. मार्चअखेर ह्यूस्टनविरुद्ध त्याचा घोटा दुखावला आणि त्याच्यापुरता हंगाम तिथेच संपला. २४ मार्चला मिलवॉकीला हरवून ३५ विजय आणि ३७ पराभव अशा स्थितीत असलेल्या संघाने पुढच्या दहा सामन्यांत एकच जिंकला.

ब्रिजेस देऊन संघाने नेमके काय गमावले, हे आकड्यांतून चटकन दिसत नाही. तो कधी पहिल्या क्रमांकाचा गुणवीर नव्हता. पण प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला रोज रात्री तो अडवायचा, आणि एनबीएत आल्यापासून २०२४-२५ च्या हंगामापर्यंत त्याने एकही सामना चुकवलेला नाही. २०२१ साली अंतिम फेरीत गेलेला फिनिक्सचा संघ पाहा: बुकर, डिअँड्रे एटन, ब्रिजेस, कॅम जॉन्सन हे चौघेही फिनिक्समध्येच वाढलेले, एकमेकांच्या चुका झाकायला तिथेच शिकलेले, आणि त्यांना वळण लावायला क्रिस पॉलसारखा वडीलधारा. तो संघ मिलवॉकीविरुद्ध २-० अशा आघाडीवरून ४-२ असा हरला. पुढच्या वर्षी ६४ सामने जिंकून डॅलसविरुद्धच्या सातव्या सामन्यात घरच्या मैदानावर १२३-९० असा चिरडला गेला. मध्यंतराला फिनिक्सचे सगळे मिळून २७ गुण होते आणि लुका डॉन्चिचचे एकट्याचेही २७. ते दुःख अजून ताजे आहे. पण ते आपल्या माणसांच्या हातून झालेल्या पराभवाचे दुःख होते, आणि त्यांच्याकडून पुढच्या वर्षीची आशा धरता येत होती.

ड्युरंट आला, पाठोपाठ त्याच उन्हाळ्यात क्रिस पॉलला देऊन बीलला आणले, आणि तिन्ही आघाडीचे गुणवीर एका संघात आले. कागदावर हे भव्य दिसते. पण चेंडू एकच असतो. तिघेही आपापल्या उंचीवरून आपापला शॉट निर्माण करणारे; परंतु खाली बास्केटखाली उभे राहून अंगावर झेलणारा कोणी नाही, आणि प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन धावत सुटला की आधी मागे पळायचे कोणी, हे कोणालाच ठाऊक नाही, असे चित्र मी या हिवाळ्यात इतक्या वेळा पाहिले की पुढे काय होणार हे आधीच कळायचे. समोरचा गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन चाल रचणारा खेळाडू, पहिल्या बचावपटूला चुकवून आत शिरे, मदतीला यायचे कोणी यावर दोघांची नजरानजर होई, तेवढ्यात चेंडू कोपऱ्यातल्या मोकळ्या माणसाकडे गेलेला असे आणि तीन गुण लागलेले असत. बचावात फिनिक्स लीगच्या तळाच्या संघांत राहिला. ज्या जागेवर ब्रिजेस उभा राहायचा, ती जागा टीव्हीवरही रिकामी दिसायची.

हे दुरुस्त करायला हातात काही उरलेही नव्हते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या नव्या करारानुसार पगाराची एक वरची मर्यादा ओलांडलेल्या संघांवर, ज्याला ते सेकंड एप्रन म्हणतात, कडक बंधने आली आहेत. असा संघ दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेऊ शकत नाही. बीलच्या करारात तर त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही असे कलमच होते. जानेवारीत त्याला राखीव खेळाडूंत बसवले, फेब्रुवारीत खुद्द ड्युरंटलाच गोल्डन स्टेटकडे परत धाडण्याची बोलणी चालू असल्याच्या बातम्या आल्या. ज्याच्यासाठी घर रिकामे केले त्याच्याशीच असे वागल्यावर संघात एकोपा कुठून राहणार? आपल्याकडे शेतकऱ्याने कितीही ओढग्रस्तीत बियाण्याचा जोंधळा दळायला काढू नये म्हणतात. फिनिक्सने २०२३ पासून २०२९ पर्यंतचे एकाआड एक ड्राफ्ट हक्क देऊन टाकले आणि २०२५ च्या जानेवारीत २०३१ चाही युटाला दिला, बदल्यात तीन कमी प्रतीचे हक्क घेतले.

सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट मे महिन्यातली आहे. ब्रूकलिनने ब्रिजेसला पुढे न्यूयॉर्कला दिले होते, आणि तेही पहिल्या फेरीचे पाच हक्क घेऊन. पूर्व विभागाच्या उपांत्य फेरीत बॉस्टनविरुद्धचा पहिला सामना जादा वेळेत गेला होता, न्यूयॉर्क तीन गुणांनी पुढे, आणि अखेरच्या क्षणी जेलन ब्राउनच्या हातातून ब्रिजेसने चेंडू अक्षरशः सोलून काढला. दुसऱ्या सामन्यातही शेवटच्या चढाईत त्यानेच जेसन टेटमकडून चेंडू हिसकावून विजय निश्चित केला. लांब हात, चेहऱ्यावर कोणताही अभिनिवेश नाही, पाय योग्य जागी: फिनिक्समध्ये तो जे करत होता तेच. न्यूयॉर्क २५ वर्षांनी विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. मला त्याच्यासाठी मनापासून आनंद झाला आणि त्याच वेळी घशाशी आवंढा आला, हे मोकळेपणाने सांगतो.

मालक मॅट इश्बिया यांनी पैशाला मागेपुढे पाहिले नाही, हे कोणीही मान्य करील. आधीच्या मालकावर कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन केल्याबद्दल लीगने एक वर्षाची बंदी आणि एक कोटी डॉलरचा दंड ठोठावला होता. त्या काळोख्या प्रकरणानंतर उत्साही मालक आला म्हणून आम्ही सगळेच हरखलो होतो. पण उत्साह आणि उतावीळपणा यांत फरक आहे. प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स २०२३ मध्ये गेले, फ्रँक व्होगेल २०२४ मध्ये आणि ब्यूडनहोल्झर २०२५ मध्ये. व्होगेल यांनी लेकर्सना आणि ब्यूडनहोल्झर यांनी आम्हालाच हरवून मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलेले आहे. अशा माणसांना एकेक वर्षच मिळत असेल, तर खेळाडूंनी कोणाचे शिकवणे मनावर घ्यायचे? ऑक्टोबरमध्ये एक पद्धत शिकायची, मे महिन्यात ती पुसून टाकायची आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पाटी कोरी, असे तीन वर्षे चालले.

या सगळ्यात बुकरचे काय झाले, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. ३ फेब्रुवारीला पोर्टलंडमध्ये त्याने वॉल्टर डेव्हिसचा १५,६६६ गुणांचा विक्रम मागे टाकला आणि फिनिक्सच्या इतिहासातला सर्वाधिक गुण करणारा खेळाडू ठरला. तो सामनाही संघ जादा वेळेत हरला. २०१८-१९ मध्ये हा संघ फक्त १९ सामने जिंकला होता, तेव्हा बुकर कुठे गेला नाही. बॉस्टनमध्ये सत्तर गुण केले त्या दिवशीही संघ हरलाच होता. पहिली पाच वर्षे त्याला प्लेऑफ पाहायला मिळाले नाही. या हंगामात गार्ड म्हणून संघाची सूत्रे सांभाळताना त्याने सामन्याला सातहून अधिक पास गुणांत उतरवून दिले, ७५ सामने खेळला, आणि कुठेही कुरकुर केली नाही. जुलै २०२५ मध्ये त्याने २०३० पर्यंत फिनिक्समध्येच राहण्याच्या करारावर सही केली आहे. मोठ्या शहरांकडे धावण्याची सवय जडलेल्या या लीगमध्ये हे सोपे नाही.

ड्युरंटच्या बदल्यात ह्यूस्टनकडून जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स आणि २०२५ चा दहावा ड्राफ्ट हक्क मिळाला. हा दहावा हक्क मुळात फिनिक्सचाच होता. तो ड्युरंटसाठी ब्रूकलिनला दिला, ब्रूकलिनकडून ह्यूस्टनला गेला आणि ड्युरंटला देऊन आपण तो परत घेतला. त्यावर खामान मलुआच हा दक्षिण सुदानचा सात फुटांहून अधिक उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा खेळाडू, निवडला आहे. बीलचा हिशेब मात्र २०३० पर्यंत चालणार आहे: तो क्लिपर्सकडे गेला आणि दरवर्षी सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलर फिनिक्सच्या खात्यावर धरले जातील.

२०२५-२६ च्या हंगामात संघाने पन्नास सामने जिंकावेत अशी माझी मागणी नाही. नवे प्रशिक्षक जॉर्डन ऑट यांना निदान तीन वर्षे द्यावीत. २०२४ मध्ये २८ व्या क्रमांकावर घेतलेला रायन डन, ज्याच्यात बचावाची उपजत जाण आहे, त्याला सामन्यात तीस मिनिटे मैदानावर ठेवावे, त्याचे शॉट चुकले तरी ठेवावे. मलुआचला फाउल करू द्यावेत, मार खाऊ द्यावा, आणि पुढच्या फेब्रुवारीत कोणी मोठे नाव बाजारात आले म्हणून या दोघांची नावे फोनवर घेऊ नयेत. पहिली पाळी असो वा दुसरी, मी सामने पाहणारच आहे. त्यात डन समोरच्या सर्वांत चांगल्या गार्डला अडवायला उभा राहिलेला दिसला, तर निकाल काहीही लागो, मामांना मी त्याच्याबद्दल सांगेन.