खाली जायला कोण तयार?

बायांना खाणीत खालीही काम करू देणाऱ्या नव्या कामगार संहितेचा विषय मास्तरांनी काढला आणि लगेच पस्तावले. कारण ओव्हरमन, म्हणजे खाली मजुरांवर देखरेख करणारे, आधीच येऊन बसले होते. रिटायर झाल्यापासून ते खाणीत रोज उतरतात, फक्त तोंडानं.

"बाई अन् अंडरग्राउंड?" त्यांनी सुरुवात केली. "तीस वर्षं काढली मी खाली. छत केव्हा बोलंल, म्हणजे कडकडून खाली येईल, सांगता येत नाही. वाकून चाला, पाण्यातून चाला, वरून उकाडा. हे बाईमाणसाचं कामच नाही. आजवर कधी होतं का?"

"होतं ना," वहिनी म्हणाल्या.

आमचा दोस्त गेल्यावर त्याच्या जागी वहिनी लागल्या. टाइम ऑफिसात हाजिरी त्यांच्याकडे, त्यामुळे प्रत्येकाचे नागे त्यांना तोंडपाठ. त्यांच्यासमोर कोणी शहाण्या माणसानं फुशारकी मारू नये. पण ओव्हरमन मारतात.

"नवरा कोळसा तोडायचा," वहिनी पुढं म्हणाल्या, "बायको टोपल्यात भरून वाहायची. झरिया, राणीगंजच्या कोळसा पट्ट्यात कामीन म्हणत तिला. तान्हं पोरगंही सोबत खाली. १९२९ पासून हळूहळू काढत आणल्या बाया, १९३७ मध्ये साफ बंद. काऊन, तर म्हणे काळजी."

"बरोबरच केलं."

"थांबा बाप्पा. मग लढाई पेटली, कोळसा कमी पडला. १९४३ मध्ये सरकारनंच बंदी उठवली, बाया पुन्हा खाली. लढाई संपली, १९४६ मध्ये पुन्हा, तुम्ही नाजूक, वर या. ती तीन वर्षं छत मुकं होतं का?"

ओव्हरमननी उगाच चष्मा पुसला.

मास्तरांना कुठलीही गोष्ट इंग्लंडपासून सुरू करायची खोड. १८४२ चा तिथला कायदा, बायका आणि दहा वर्षांखालची पोरं खाली न्यायची नाहीत, वगैरे झालं. पण त्यातली एक गोष्ट कामाची निघाली. वर आलेल्या बाया कोळसा निवडायला लागल्या, तर पुढं तिथूनही त्यांना हाकला म्हणून ओरड झाली. तिथल्या विगन गावच्या बाया कामावर पँट घालत, त्याचाही साहेबांच्या देशात बोभाटा!

"म्हणजे खाली धोका, वर पँट," वहिनी म्हणाल्या.

आता नेत्यांना राहवेना. "आमची संघटना समानतेच्या बाजूनं आहे. पण सुरक्षेचा प्रश्न आहे, सुविधांचा आहे, टप्प्याटप्प्यानं..."

"नेते, तुम्ही शेवटचे खाली केव्हा उतरले होते?"

नेते संघटनेच्या कामात असतात, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पाठीचं सर्टिफिकेट देऊन सरफेसला आले ते कायमचे. त्याच पाठीनं मागच्या मोर्च्यात ट्रॅक्टरच्या टपावर चढले होते.

"तुमचं एकट्याचं नाही म्हणून राहिली मी," वहिनी म्हणाल्या. "खाली मर्दच पाहिजे म्हणता, अन् खालून वर यायला जो तो वशिला लावते. लॅम्प रूम, स्टोअर, कॅन्टीन. कायद्यानं बाईला चालत होत्या त्या जागा. तिथं कोण बसलं? कमरेचे अन् गुडघ्याचे पेशंट. बाईच्या हाती झाडू."

"जुने लोक आहेत ते, सांभाळून घ्यावं लागते," नेते.

"अन् बायांची ती खास व्हीआरएस? बाईनं घरी बसायचं, नोकरी पोराला. टोपलं होतं तोवर काम बाईचंही होतं. १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या, पगार पक्का झाला, तसं ते मर्दाचं काम झालं."

यावर मी काही बोललो नाही. आमची जमीन खाणीत गेली तेव्हा नोकरी काकाला लागली. त्या शेतात जन्मभर निंदण केलं आत्यानं. तिला काय मिळालं, हे मी बोललो असतो, पण काका समोरच बसले होते, आणि मला त्यांच्याच गाडीवर घरी जायचं होतं.

मास्तर म्हणाले, "पण २०१९ पासून परवानगी आहेच. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी खाणीत इंजिनिअर मुलगी उतरली."

"उतरली ना, चांगलंच झालं. पण तेव्हाची परवानगी साहेबीण होऊन उतरायची होती, मजुरीण होऊन नाही. तिचा फोटो आला पेपरात. कामिनींचे किती आले?"

ओव्हरमननी शेवटचा पत्ता टाकला. "आता नाईटलाही बाई चालेल म्हणे, तिची संमती असली तर. कोण देईल नाईटला संमती?"

"तुमची कोणी घेतली होती? तरी सगळ्यात जास्त नागे तुमचे नाईटचेच होते."

मास्तरांना ठसका लागला. ओव्हरमन तडक बारा वर्षांमागच्या प्रमोशनवर घसरले, ते नेत्यांनीच अडवलं असा त्यांचा आरोप. नेत्यांनी सोसायटीच्या निवडणुकीत कोणी कोणाची मतं फोडली ते काढलं. दहा मिनिटं बायांचा विषय कुठल्या कुठं.

शेवटी ओव्हरमनच परत आले, जरा खालच्या आवाजात. "ते सगळं ठीक आहे वहिनी. पण खाली संडास नाही. बाईमाणसानं आठ तास करायचं काय?"

"तुम्ही तीस वर्षं काय केलं?"

काकांनी आभाळाकडं पाहिलं. नेत्यांनी खिशातून वही काढली आणि मागणीपत्रात लिहून घेतलं, 'खाली संडास, महिलांकरिता'.

"पुरुषांकरिताही लिहा," ओव्हरमन म्हणाले.